रंगीत गच्ची

राघोकाका भिंतीला कधी तळहात लावत नसत. बोटांच्या उलट्या बाजूने एकदा थोपटत आणि कान देत. कुणाच्या घरी गेले की आधी छताचे कोपरे बघत, मग माणसं. नखांतला रंग खरवडून काढत नसत. चहा गार करूनच पीत. नवा ब्रश हाती आला की तळहातावर झटकून त्याचे सुटे केस आधी काढून टाकत. आणि मेट्रोत जागा रिकामी असली तरी बसत नसत. डाव्या दाराच्या काचेशी उभे राहत आणि लोकांचं बोलणं ऐकत.

निहारला हे सगळं सुटं सुटं आठवत होतं. काका जाऊन आठवडाही झाला नव्हता.

राघोकाका माणगावकडचे रंगारी. मीरा रोडमधली किती घरं त्यांनी आतून रंगवली होती, त्याचा हिशेब नाही. निहारच्याच बिल्डिंगमध्ये सगळ्यात वरच्या मजल्यावर ते आणि शेवंतीकाकू राहायचे. निहारने मराठी घेऊन एम. ए. केलं म्हणून ते त्याला मास्तर म्हणत. मास्तरची नोकरी काही लागेना म्हणून जरा लांबवून म्हणत.

मेट्रो सुरू झाली तेव्हा काका संध्याकाळी उगाचच दहिसरला जाऊन यायचे. येताना लोकांची मतं घेऊन यायचे आणि गच्चीवर बसून निहारला नकलांसकट ऐकवायचे. एक आजोबा म्हणत होते, चेक नाक्यावरची गाड्यांची रांग जन्मात पहिल्यांदा वरून बघितली, आता डोळे मिटायला हरकत नाही. एका बाईंना एसी सोसत नव्हता, पण तो बंद पडला असता तर पहिली तक्रार त्यांचीच असती. कुणी तिकिटावर नाराज, कुणी जिन्यावर. आणि खाली उतरल्यावर शेअर रिक्षा कुठून मिळते, हे कुणालाच कळलेलं नव्हतं. काका सांगायचे ते असं, की जणू मेट्रो त्यांच्या घरचं लग्न आणि हे सगळे नावं ठेवायला आलेले पाहुणे.

एके संध्याकाळी ते आले ते नकलांशिवायच. गच्चीवरच्या निळ्या ताडपत्रीकडे बघत उभे राहिले.

निहारने खोदून विचारलं तेव्हा कळलं. डब्यात एक मुलगी मैत्रिणीला म्हणाली होती, मेट्रो मस्तच आहे, फक्त खाली बघू नकोस, नुसत्या ताडपत्र्या आणि भंगार. मीरागाव स्टेशन यायचं होतं आणि काचेतून नेमकी यांचीच गच्ची सरकत होती. ती ताडपत्री काकांनी स्वतः बांधलेली. तिच्याखाली त्यांचंच छत गळायचं.

"तिचं काय चुकलं?" काका म्हणाले. "रोज एवढी माणसं आपल्या दारावरून जाणार, मास्तर. आणि आपण टॉवेल गुंडाळून बसलोय."

पुढच्या रविवारी त्यांनी ताडपत्री सोडली. भेगा भरल्या, छताचं गळणं थांबवलं. मग कठडा, जिन्याची खोली, जे जे मेट्रोतून दिसतं ते घासून घेतलं आणि त्यावर चौकोन आखले. एकेक चौकोन वेगळ्या रंगाचा.

सोसायटीचे सेक्रेटरी दिपेशभाई धापा टाकत वर आले. परमिशन कुणाची, मीटिंग कधी झाली, हा काय तमाशा, असं निम्मं हिंदीत, निम्मं गुजरातीत सुनावून झालं. काकांनी त्यांना एका पिवळ्या चौकोनापुढे उभं केलं.

"ओळखा."

दिपेशभाई बघत राहिले. "ये तो मेरा हॉल है."

"मग? काढू खरवडून?"

बिल्डिंगमधली बहुतेक घरं काकांच्याच हातची. प्रत्येक घराच्या आतल्या भिंतीची छटा ते बाहेरच्या रंगात बनवत होते आणि त्या घराचा एक चौकोन भरत होते. चित्र नाही, नाव नाही. आपण रंगारी, चित्रकार वेगळे, असं ते म्हणायचे. दिपेशभाईंनी परवानगी काही दिली नाही. फक्त खाली जाऊन बायकोला वर घेऊन आले. मग रोज कुणीतरी यायला लागलं. दुसऱ्या मजल्यावरच्या पंचशीलाताईंचा चौकोन पाइपाआड गेला म्हणून त्यांनी अबोला धरला. काकांनी तो पुढे काढून दिला.

आता काकांना एकच हवं होतं. डब्यातल्या कुणीतरी काहीतरी म्हणावं.

कुणी म्हणेना. निहार बरोबर असायचा. मीरागाव जवळ आलं की काका कान टवकारायचे आणि सगळा डबा मोबाइलमध्ये मान घालून बसलेला असायचा. "आता खाली बघू नकोस म्हणायचीपण गरज नाय," काका म्हणाले. तरी जात राहिले.

आणि एक दिवस भाजीच्या पिशव्या घेतलेली एक बाई फोनवर बोलली. "हां, आलेच. रंगीत गच्ची गेली आत्ता. तू रिक्षा धरून ठेव."

स्टेशनचं नाव घ्यावं तसं तिने ते घेतलं. कौतुक नाही, काही नाही. दार उघडलं, ती उतरली, दार मिटलं. काका जागचे हलले नाहीत. दोघं तसेच पुढच्या स्टेशनापर्यंत, काशीगावपर्यंत गेले.

"चांगली आहे असं नाही म्हणाली ती," निहार म्हणाला.

"चांगली कशाला म्हणेल? नाव पडलं आपल्या गच्चीला, मास्तर."

परतताना त्यांनी रिक्षा केली आणि ऐटीत सांगितलं, "रंगीत गच्ची के पास छोडना." रिक्षावाल्याला काही ठाऊक नव्हतं. काकांनी त्याला सगळा रस्ता सांगितला, छाती काढून.

आता पाण्याची टाकी तेवढी राहिली होती. तिला पांढरा प्रायमर मारून झाला होता. रंग कोणता, यावर बिल्डिंगमध्ये वाद सुरू होता, कारण टाकी सगळ्यांची. काका म्हणाले, माझं ठरलंय, रविवारी बघा.

शनिवारी सकाळी शेवंतीकाकू त्यांना चहाला उठवायला गेल्या. ते उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं.

निहार जिन्यात बसून राहिला. एवढी पुस्तकं वाचून त्याच्याकडे काकूंना सांगण्यासारखं एक वाक्य नव्हतं. काकूंना त्याची गरजही नव्हती. त्या फोनवर होत्या. माणगावहून निघालेल्या दिराला वाट सांगत होत्या. एकेक शब्द नीट सांगत होत्या.

"दहिसरवरून मेट्रोत बसा, भावोजी. रंगीत गच्ची दिसली की लगेच उतरायचं. कुणालापण विचारा, सांगतील."

आज मेट्रोत निहार डाव्या दाराशी उभा होता. मागे एक माणूस बायकोला म्हणाला, "टाकी राहिलीय वाटतं."

"करतील की," ती म्हणाली.

गच्ची आली. टाकी पांढरीच होती. तिच्या मधोमध काकांनी निळीत भिजवलेलं सूत ताणून मारलेली एक आडवी रेघ होती. रेघेच्या वर कोणता रंग आणि खाली कोणता, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.