राणी डुकरिणीचा पाहणी-दौरा

किस्से जमवावे लागत नाहीत. उकिरड्यासारखे ते आपोआप साठतात. कधीतरी कोणालातरी फावडे घेऊन उभे राहावे लागते, इतकेच. माझ्या वाट्याला आला तो शहापूर-मुरबाडच्या वराहपालक मंडळाचा उकिरडा. नव्वदचे दशक संपत आले होते. मी पशुवैद्यकाची पदवी घेतलेली, म्हणून मंडळाची सल्लागार. कल्पना उदात्त होती: दर महिन्याला एकाच्या फार्मवर जमायचे, चहा घ्यायचा, यजमानाने आपली एखादी चांगली पद्धत सांगायची, इतरांनी ती उचलायची आणि डुकरांनी सुखाने जगायचे. यांपैकी चहा अखेरपर्यंत नियमित झाला.

अध्यक्ष होते शहापूरचे बाळारामशेठ. त्यांच्या फाटकावर 'आदर्श फार्म' असा फलक होता. तो त्यांनी स्वतःच लावला होता.

*

पहिल्याच बैठकीत मी सांगितले की, खोलीतल्या सगळ्या डुकरांना एकाच वेळी आडवे पसरता आले पाहिजे. पुढच्या भेटीत शेठच्या दर्शनी खोलीत मोजकी जनावरे खरोखरच ऐसपैस लोळत होती. मला भरून आले. तेवढ्यात मागच्या खोलीतून कल्लोळ ऐकू आला. उरलेली सगळी तिथे कोंबली होती.

"तिकडं कोन बघायला जातो, बाई?" शेठ म्हणाले.

*

डुकरे कंटाळली की एकमेकांच्या शेपट्या चावतात. त्यांना चघळायला, ढकलायला काहीतरी टांगून ठेवा, जुना टायरसुद्धा चालेल, असे मी सुचवले. शेठनी टायर आणला. धुतला. तेल लावून चकचकीत केला. आणि डुकराचे तोंड कोणत्याही जन्मी पोहोचणार नाही इतक्या उंचीवर टांगला.

मी कारण विचारले.

"खाली बांधला तर खराब नाय का करणार ती?"

*

डुकराला घाम येत नाही. उन्हाळ्यात अंगावर पाण्याचा फवारा हवा. हेही शेठनी ताबडतोब मान्य केले. एप्रिलात जाऊन पाहते तो फवारा उत्तम चालू होता. त्याखाली शेठची म्हैस डोळे मिटून उभी होती.

"तिला आवडलं," शेठ म्हणाले.

*

एकदा मी सांगत होते की, व्यायच्या आधी डुकरीण घरटे करते, तेव्हा तिला आवळून बांधू नका, पेंढा द्या. सभेत हशा पिकला. "डुकरीण म्हंजे काय सुगरण पाखरू हाय?" शेठनी विचारले.

मागच्या बाकावरून कमळाबाई म्हणाल्या, "माझी करते ना. तोंडात पेंढा धरून नेते."

"तुझी गावठी. आमची विलायती हाय, ती असली कामं नाय करत."

कमळाबाईंची शेड डोळखांबकडे, एका पाड्याच्या कडेला. नवऱ्यामागे त्यांचे घर त्या शेडवर चालत असे. वास येतो अशी कोणीतरी ग्रामपंचायतीत तक्रार केली होती, आणि जिल्ह्याहून पाहणीला येणारे साहेब 'ठीक' म्हणाले तरच शेड राहणार होती. नाहीतर उठणार होती.

*

त्या पाहणीचे संपूर्ण नियोजन अर्थातच अध्यक्षांनी केले. साहेब एका दिवसात तीन फार्म पाहणार: मुरबाडच्या एका सभासदाचे, मग शेठचे, शेवटी कमळाबाईंचे. मंडळाचे नाक कापले जाऊ नये म्हणून शेठनी आपली सर्वांत देखणी डुकरीण, राणी, तिन्ही ठिकाणी दाखवायचे ठरवले. साहेब मुरबाडला चहा घेत असतील, शेठकडे जेवत असतील, तेव्हा टेम्पो पुढे. सोबत तोच चकचकीत टायर.

राणीचे दिवस भरत आले होते. तिला हलवू नका, असे मी बजावले.

"बसून तर जायचंय तिला," शेठ म्हणाले. "चालायचं थोडंच हाय?"

मुरबाडला साहेबांनी राणीचे कौतुक केले. शेठकडे पुन्हा केले. "जात फार छान राखली आहे तुम्ही," ते म्हणाले, "सगळ्या अगदी एकसारख्या!"

गावरान कोंबडीचे जेवण आटोपून आम्ही डोळखांबला पोहोचलो. कमळाबाईंच्या शेडमध्ये राणी मोकळी होती आणि आमच्याकडे तिचे लक्षच नव्हते. कोपऱ्यातला पेंढा तोंडात धरून ती नेत होती, पायाने सारखा करत होती, पुन्हा आणत होती. मग ती त्यात आडवी झाली, आणि साहेबांच्या देखत व्यायली.

साहेबांनी वाकून पिल्ले मोजली. नंतर सोबत आलेल्या ग्रामसेवकाला म्हणाले, "ही शेड उठवायची नाही." आणि कमळाबाईंकडे वळले. "ही तुमचीच ना?"

कमळाबाईंनी पदर सारखा केला. "ते शेठना विचारा."

सगळे शेठकडे पाहू लागले. सकाळपासून दोन फार्मवर दोन वेगवेगळ्या मालकांची म्हणून दाखवलेल्या त्या डुकरिणीकडे शेठनी एकवार पाहिले.

"कमळाबाईचीच," ते म्हणाले.

संध्याकाळी, साहेब गेल्यावर, टेम्पो परत आला. व्यायलेली डुकरीण हलवता येणार नाही, असे मी सल्लागार या नात्याने स्पष्ट केले. कमळाबाईंनी ड्रायव्हरला आधी चहा दिला.

"शेठना सांग, पिल्लं बघायला कवा पन या," त्या म्हणाल्या. "टायर मात्र ने रे. त्यांचा हाय. नवाच हाय अजून."