निषेध आधी, बिर्याणी नंतर

आमच्या ऑफिसच्या लंचरूममध्ये एक ड्रॉवर आहे. त्यात केचपची पाकिटं कोण टाकतं ते कुणालाच माहीत नाही, पण ती जमत राहतात. तारिकचे किस्से माझ्याकडे असेच जमलेत. मुद्दाम काही गोळा केले नाहीत. नऊ वर्षं त्याच्या शेजारी बसून डबा खाल्ला, एवढंच माझं कर्तृत्व.

तारिक लाहोरचा. चौदा वर्षं इथे अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉय गावात आहे आणि आमच्याच कंपनीत गाड्यांचे ब्रेक तपासतो. जगात कुठेही बॉम्ब फुटला की पहिली चौकशी याच्याकडे. आणि हा माणूस हायवेवरसुद्धा स्पीड लिमिटच्या पाच मैल खाली गाडी चालवतो. त्याची इच्छा एकच. लाहोरच्या अब्बांनी एकदा इथे यावं आणि नातीला, झोयाला, मांडीवर घ्यावं. तिला त्यांनी फक्त फोनवर पाहिलंय. व्हिसाचा पहिला अर्ज केला तेव्हा ती दोन वर्षांची होती.

टेबलावरचे तिसरे जोशीकाका. मूळचे सांगलीचे, तीस वर्षं मिशिगनमध्ये, आता रिटायर व्हायला आलेले. काका मनाने वाईट नाहीत. फक्त त्यांना सत्तेचाळीसपासूनचा सगळा इतिहास पाठ आहे आणि ऐकवायला समोर पाकिस्तानी एकच आहे.

*

एकदा युरोपात कुठल्याशा स्टेशनवर हल्ला झाला. सकाळी पगार विभागातली लिंडा कॉफीचा मग घेऊन तारिकच्या डेस्कपाशी आली आणि आवाज अगदी मऊ करून म्हणाली, "तारिक, तुझ्या कानावर आधी काही आलं होतं का?"

"लिंडा," तारिक म्हणाला, "दहाची मीटिंग दुसऱ्या रूममध्ये हलवलीय, तेसुद्धा मला कुणी सांगितलं नाही."

दोन दिवसांनी कळलं की हल्लेखोर तिथलाच होता, पाकिस्तानशी काडीचाही संबंध नसलेला. लिंडा काही परत आली नाही. तिचं डेस्क पंधरा पावलांवर आहे, पण तेवढा वेळ तिला मिळाला नसावा.

*

काकांची पद्धत वेगळी. ते डबा उघडायच्या आधीच विचारायचे, "क्यों तारिक, तुम लोग निषेध क्यों नहीं करते?" निषेध हा शब्द तारिक आमच्या टेबलावरच शिकला.

बिचाऱ्याने केला. काका म्हणाले, "दिल से नहीं लगा." त्याने पुन्हा केला. मग हल्लेखोरांचा झाला, त्यांना पैसे पुरवणाऱ्यांचा झाला, गप्प बसणाऱ्यांचा झाला. तोवर माझी भाजी गार.

पुढच्या वेळी काका खुर्ची ओढतायत तोच तारिकने हात जोडले. "काका, निषेध पहले, बिर्यानी बाद में."

काकांनी दोन्हींचा स्वीकार केला. तारिकच्या बायकोच्या हातची बिर्याणी काका वर्षभर खातात, श्रावण सोडून. श्रावणात ते मटणाला शिवत नाहीत आणि दाढीला ब्लेडही लावत नाहीत. महिना संपत येतो तशी पांढरी दाढी पार छातीच्या दिशेने निघते. ऑफिसात सगळ्यांना त्याची सवय आहे.

*

मग आमच्याच राज्यात एकाने दुकानात शिरून गोळीबार केला. माणूस गोरा, नाव अगदी लिंडाच्या मावसभावाला शोभेल असं. मी तारिकला म्हणाले, "आज तू कॉफी घेऊन जा. विचार तिला, आधी काही कानावर आलं होतं का."

तो हसला. मग म्हणाला, "अब्बा का व्हिसा पेंडिंग है यार. मैं किसी से सवाल नहीं पूछता."

*

अब्बा शाळेत भूगोलाचे मास्तर होते. व्हिसाच्या इंटरव्ह्यूत त्यांना विचारलं, कधी धोकादायक लोकांशी संबंध आला आहे का? अब्बा म्हणाले, "दसवीं जमात के लड़के, जनाब. अड़तीस साल." काउंटरपलीकडचा माणूस हसला नाही आणि फाइल जास्तीच्या तपासणीला गेली.

तेव्हापासून जगात कुठे काही झालं की फाइल थांबते. अब्बा रोज बातम्या बघतात. जगाचं काय चाललंय यासाठी नव्हे, फाइलचं काय होणार ते समजावं म्हणून. मग फोन करतात, "बेटा, आज सब खैरियत है. सूटकेस निकालूँ?"

झोयासाठी त्यांनी फ्रॉक घेतला होता, दोन वर्षांच्या मापाचा. मग तीनचा घेतला. मग चारचा, मग पाचचा. दुकानदाराला वाटतं यांना चार नाती आहेत. तारिकने हे हसत हसत सांगितलं. मला काही हसता आलं नाही.

*

आता काकांच्या स्टिकरचं. एका हल्ल्यानंतर आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना फिरली की आपण भारतीय आहोत हे ठळक दिसलं पाहिजे, उगाच गैरसमज नकोत. काकांनी त्याच संध्याकाळी गाडीच्या मागे तिरंगा चिकटवला.

तिसऱ्या दिवशी गॅस स्टेशनवर एका ट्रकवाल्याने काच खाली करून ओरडून सांगितलं, "पाकिस्तानात परत जा!" काकांनी पंप तसाच ठेवला आणि त्याच्या खिडकीशी गेले. कडाक्याच्या थंडीत त्याला दहा मिनिटं सगळं समजावलं. फाळणी, दोन्ही झेंडे, तीन युद्धं. बोटाने ट्रकच्या मागच्या काचेवरच्या हिमात नकाशासुद्धा काढला. ट्रकवाल्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"ओके," तो म्हणाला, "म्हणजे तुम्ही एकच आहात."

दुसऱ्या दिवशी लंचला काकांनी निषेध मागितला नाही. स्टिकर मात्र ठेवलाय.

*

काकांना हसते खरी, पण मीही काही कमी नाही. मागे ग्रोसरीच्या लाइनमध्ये एका आजीबाईंनी मला सहज विचारलं, "तू पाकिस्तानची का गं?" मी "नो, नो, इंडिया!" इतक्या घाईने म्हणाले की कॅशियरने मान वर करून पाहिलं. गाडीत बसल्यावर मुलगी म्हणाली, "मम्मा, व्हाय डिड यू से इट लाइक दॅट? व्हॉट इफ झोया वॉज विथ अस?"

मी गाडी सुरू केली. लाज वाटली, अजूनही वाटते.

*

शेवटी अब्बांचा व्हिसा आला. नेमका श्रावणात, आणि नेमका आदल्या आठवड्यात कुठेतरी स्फोट झालेला. एअरपोर्टवर पोलीस दुप्पट. तारिक आम्हाला घेऊन आला, पण पार्किंगमधून पुढे येईना. "मेरा नाम देखके आखिरी मिनट में कुछ अटक गया तो? काका, आप अंदर जाओ. आप इंडियन हो, आपको कोई कुछ नहीं पूछेगा."

काकांची छाती फुगली. "तू चिंता मत कर," ते म्हणाले. बरोबर मी होतेच.

श्रावणी सोमवार होता. काकांचा उपवास, अंगात पूजेचा लांब कुडता, दाढी तीन आठवड्यांची. हातात पुठ्ठा, त्यावर जाड मार्करने अब्बांचं नाव, 'मोहम्मद बशीर'. विमान दोन तास लेट. भुकेने आणि काळजीने काका दारासमोर येरझाऱ्या घालत तोंडातल्या तोंडात शंकराचं स्तोत्र पुटपुटत होते. मी कॉफी आणायला गेले आणि परत येते तर दोन पोलीस त्यांच्या समोर.

"मिस्टर मोहम्मद?" एकाने पुठ्ठ्याकडे बघत विचारलं.

"नो, नो! आय ॲम इंडियन. धिस मॅन इज पाकिस्तानी. आय ॲम ओन्ली वेटिंग."

"आणि तुम्ही मघापासून काय पुटपुटताय, सर?"

"प्रेयर," काका म्हणाले. पोलिसांनी एकमेकांकडे पाहिलं. ते पाहून काका पार गडबडले. तीस वर्षांत प्रथमच त्यांची पाळी आली होती आणि त्यांना सुचलं ते एकच. "ऑफिसर, आय कंडेम इट. ऑल ऑफ इट. फ्रॉम द हार्ट."

"कंडेम व्हॉट, सर?"

मी पुढे होणार एवढ्यात दार उघडलं आणि ट्रॉली ढकलत एक म्हातारे गृहस्थ बाहेर आले. करडा सूट, टाय, गुळगुळीत दाढी केलेली, ट्रॉलीवर सगळ्यात वर फ्रॉकची पिशवी. त्यांनी पुठ्ठ्यावर आपलं नाव वाचलं, मग काकांचा चेहरा पाहिला आणि सरळ मध्ये येऊन उभे राहिले.

"गुड आफ्टरनून, ऑफिसर. धिस जेंटलमन इज विथ मी."

पोलीस हसला. "वेलकम टू मिशिगन, सर." दोघेही निघून गेले.

काकांनी पुठ्ठा अजून छातीशी धरला होता. अब्बांनी तो हळूच काढून घेतला, ट्रॉलीवर ठेवला आणि काकांच्या खांद्यावर हात टाकला.

"घबराइए मत, भाईसाहब," ते म्हणाले. "आप लोगों को यहाँ बहुत तंग करते हैं क्या?"