तो मेंढपाळ नव्हता
खोबरेल तेलाचा वास आला की मारुंजीतला तो दुकानावरचा प्रार्थनेचा हॉल आठवतो. तिथल्या पास्टरांनी आईच्या कपाळाला तेल लावलं आणि बजावलं, "बरं व्हायचंय ना? मग इन्सुलिन बंद. सुई घेणं म्हणजे देवावर अविश्वास." आईने माझ्याशी भांडून सुई सोडली आणि आठवड्याभरात मोरीत कोसळली. मी पास्टरांना फोन केला. "तिचाच विश्वास कमी पडला," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. माझा आरडाओरडा ऐकून घरमालकीणबाई धावत आल्या. "आता कुनाची वाट बघतुयास? उचल तिला!" म्हणत त्यांनी नवऱ्याला टेम्पो काढायला लावला. दवाखान्यात शुद्धीवर येताच आईने विचारलं, "पास्टर आले?" मी नाही म्हणालो. मग ती म्हणाली, "मेंढपाळ असा टाकून जात नाही रे. मी भलत्याच्याच मागं गेले. खरा मेंढपाळ प्रभूच, तो इथंच आहे, माझ्यापाशी." दुसऱ्या दिवशी ती गेली. मातीला मात्र पास्टर आले, बायबल उघडून पुढे झाले. मी त्यांना बाजूला केलं आणि मोडकीतोडकी प्रार्थना स्वतःच केली. आजही मी देवापुढे गुडघे टेकतो, पण कुणाला डोक्यावर हात ठेवू देत नाही.