भोक पाडलेलं नाणं

अल्फारेटाकर मंडळी, माझ्या मेटल डिटेक्टरची तुम्ही खूप चेष्टा करता. आजचं मात्र ऐकाच.

सकाळी गावाबाहेरच्या एका शेतावर गेलो होतो. तिथे लवकरच टाउनहोम्स होणार आहेत. मालकाची रीतसर परमिशन घेतली होती. "जे सापडेल ते तुझं," असं ते म्हणाले. ओकच्या झाडांकडे हात करून त्यांनी हेही सांगितलं, की तिथे पूर्वी गुलामांच्या झोपड्या होत्या. नागपूरहून इथे अमेरिकेत मला भेटायला आलेली आई माझ्यासोबत होती.

डिटेक्टर नेमका त्या झाडांपाशी वाजला. वीतभर खणल्यावर चांदीचं एक छोटं, जुनं नाणं निघालं, पण त्याच्या कडेला भोक होतं.

"छ्या, वाया गेलं यार," मी म्हणालो. असली नाणी कॉइन कलेक्टर घेत नाहीत.

आईने ते ओढणीने पुसलं. "वाया कसं? हे दोऱ्यात ओवलेलं असणार. कोणीतरी लेकराच्या गळ्यात बांधलं असेल, नजर लागू नये म्हणून. तुझ्याही गळ्यात होतं, काळ्या दोऱ्यात."

मी ते नाणं तळहातावर घेतलं. जिचं मूल कुणीही कधीही विकू शकत होतं, ती आई त्याला नजरेपासून जपत होती.

"ठेव परत तिथेच," आई म्हणाली.

"आई, इथे आता बुलडोझर येणार आहे गं."

नाणं घरी आणलंय. ते कुणाला द्यावं, सुचलं तर सांगा. मालक म्हणाले होते, जे सापडेल ते तुझं. पण हे त्यांचं तरी कधी होतं?