चटणीला आंब्याचा वास

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, देवाला तर — देवाला वेगळं कशाला सांगायचं? तो बघतोच की सगळं. तुला सांगते. फक्त मध्ये बोलू नकोस, नाहीतर राहूनच जाईल.

आंब्याची स्मूदी कशी करतात माहितीय ना? काही डोकं लागत नाही. हापूसचा गर, दोन वेलची केळी, नारळाचं घट्ट दूध, बर्फ, चिमूटभर मीठ. मिक्सर फिरवला की झालं. पण वास! आमचं भांडुपचं घर ते केवढं — हॉल आणि किचन, मध्ये नुसता पडदा. आंबा कापला की वास दारापर्यंत जातो. आणि पडद्याच्या पलीकडे, खाटेवर, माझ्या सासूबाई.

त्या मालवणकडच्या. आंबा म्हणजे जीव की प्राण. शेवटच्या त्या मे महिन्यात अंथरुणातून उठत नव्हत्या. डॉक्टर म्हणाले, आता पथ्य राहू द्या, मागतील ते द्या. हे मला एकटीलाच सांगितलं. सतीश, माझा नवरा, तेव्हा गोळ्या आणायला खाली गेला होता — आणि मी त्याला ते सांगितलंच नाही.

का नाही सांगितलं? आंबा दिला की त्यांचं पोट बिघडायचं आणि चादरी मला धुवाव्या लागायच्या. बस, एवढंच. काही मोठं कारण असतं तर मलाच बरं वाटलं असतं.

त्या दुपारी मी स्वतःपुरती स्मूदी करत होते. मिक्सर थांबला आणि पडद्यामागून आवाज आला, "आंबो कापलंस काय गो?"

"नाही हो आई," मी म्हटलं. "चटणी वाटतेय."

मग अगदी हळू, जराही राग न धरता — "चटणेक बरो वास येता गो."

मी सिंककडे तोंड करून उभ्याउभ्या ग्लास संपवला. गार, गोड, झकास झाली होती. मला आवडली — हेही सांगायलाच हवं ना?

त्याच आठवड्यात त्या गेल्या.

दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवले. कावळा शिवला की माणूस सुटलं, नाही शिवला तर काहीतरी इच्छा राहिली, असं आपल्यात मानतात. कावळे रग्गड होते त्या दिवशी. शेजारच्यांच्या पिंडांवर तुटून पडत होते. आमच्याकडे एक नाही. एकच तेवढा कठड्यावर बसलेला, मान वाकडी करून. हसशील तू — पण तो पिंडाकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता.

सतीश हात जोडून रडायला लागला. "आई, तुला गावी न्यायचं राहिलं गं. चुकलो." दर वर्षी 'पुढच्या मे महिन्यात नक्की' म्हणायचा, ते त्याला आठवत होतं. आंबा सोडतो म्हणाला, आयुष्यभर. कावळा हलला नाही. मग भटजी म्हणाले, ज्याच्या मनात जे असेल ते बोला, मनातल्या मनात बोललात तरी चालेल.

मनातल्या मनात! कुणाला ऐकूसुद्धा गेलं नसतं. तरी नाही बोलले मी. बोलले असते आणि तो लगेच खाली आला असता तर? दुसऱ्या कुणाला नाही — मला कळलं असतं. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.

तेव्हापासून सतीश गावी गेलेला नाही. "कुठल्या तोंडाने जाऊ?" म्हणतो. रोज आंघोळ करून खिडकीच्या ग्रिलमध्ये भाताचा घास ठेवतो. इथले मेले कावळे वडापावचा कागद सोडत नाहीत, पण हा घास तसाच वाळून जातो. "अजून रागावलीय माझ्यावर," तो म्हणतो. आणि मी काय म्हणते? "होईल रे, वेळ लागतो."

आणि तरी मे महिना आला की मी त्याच्या चोरून आंबा आणते. बंद करावं ना? नाही होत. मिक्सर थांबतो आणि पडद्यामागे कुणीतरी वास घेतं — लांब, आत ओढलेला श्वास. पडदा सारून बघते. खाट तर आम्ही केव्हाच देऊन टाकलीय. तरी दर वेळी मी मोठ्याने म्हणते, "चटणी आहे." कुणाला म्हणते?

परवा सकाळी सतीश आंघोळीला गेला तेव्हा मी ग्लास भरून ग्रिलपाशी ठेवला आणि भांडं धुवायला वळले. मागे पत्र्यावर नखं वाजली. तोच कावळा असं मी म्हणणार नाही, कावळे सगळे सारखेच. पण मान तशीच वाकडी. त्याने ग्लासात चोच बुडवली. प्यायला. सावकाश, थांबत थांबत, आजारी माणूस पितं तसा. चोचीला पिवळा गर लागला होता. मग माझ्याकडे बघितलं आणि उडून गेला.

बाथरूममधला नळ बंद झाला. हाक मारायची होती ना मी? 'सतीश, ये रे, आई येऊन गेली' — एवढंच म्हणायचं होतं. पण मग त्याने विचारलं असतं, भात सोडून आंबाच का घेतला? मी ग्लास घासला, पालथा घातला. ग्रिलवरचा थेंब गाऊनच्या बाहीने पुसला.

तो ओल्या केसांनी आला. घास ठेवला, हात जोडले. बराच वेळ उभा होता. मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, "काय गं, आंबा कापलास का?"

"नाही रे," मी म्हटलं. "चटणी वाटली."

मग अगदी हळू म्हणाला, "चटणीला बरा वास येतोय गं."