मामाची मोठी टाकी

गाडीची टाकी बदलायची हे मामाच्या डोक्यात बसलं आणि घरात दुसरा विषयच उरला नाही. जेवताना टाकी, झोपताना टाकी. "दुसरं लग्न करायचं खूळ डोक्यात शिरलं असतं तरी हा माणूस इतका बोलला नसता," असं बायको शेजारणीला सांगत होती, आणि मामा मागे दारातच उभा होता. एरवी तो हसला असता. त्या दिवसांत त्याला हसू येत नव्हतं.

मामा हा खरं तर एकाच बाईचा धाकटा भाऊ. वर डोंगरात दगडाच्या खाणीची वस्ती होती, तिथे त्याची थोरली बहीण राहायची. तिच्या शेजारची पोरं त्याला मामा म्हणायला लागली, मग पोरांचे आईबाप म्हणायला लागले, आणि बावीस वर्षांत तो अख्ख्या वस्तीचा मामा होऊन बसला. दर गुरुवारी पहाटे पिकअपमध्ये पीठ, तेल, औषधं, सिलिंडर, कुणाचा चष्मा, कुणाची चप्पल असं सगळं भरायचं, दोनशे ऐंशी किलोमीटर वर न्यायचं, रात्री ताईकडे मुक्काम करायचा आणि शुक्रवारी रिकामी गाडी खडखडवत घरी यायचं, हा त्याचा नेम. खाण बंद पडून सात वर्षं झाली होती. खाणीवाल्यांनी जाताना आपली माणसं नेली, यंत्रं नेली, दवाखान्याची खाटसुद्धा नेली. चाळीस घरांतली अकरा उरली. त्या अकरांना जगवणारी गोष्ट एकच, मामाची गाडी. हे मामाला ठाऊक होतं आणि त्याचा त्याला थोडा तोराही होता.

पण खरी गोष्ट अकरा घरांची नव्हती, एका घराची होती. आई गेली तेव्हा मामा चार वर्षांचा होता. ताईने त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत घातलं, आणि त्याच्यापायी स्वतःचं लग्न सहा वर्षं लांबवलं. पुढे ती खाणीत काम करणाऱ्या नवऱ्याबरोबर वर गेली, तिथेच विधवा झाली. "आता खाली चल," असं मामा तेव्हा म्हणाला होता. "मी माझं घर सोडून कुठे येणार नाही," असं ताई म्हणाली होती. झालं. मामाने ते वाक्य मनात पक्कं खिळवून ठेवलं. ताईला तिच्या घरात राहायचंय, आणि गाडी वर जातेय तोवरच तिला राहता येईल, यापुढे त्याचा विचार गेला नाही.

मग तिठ्यावरचा पेट्रोलपंप बंद पडला. अख्ख्या रस्त्यात तो एकच पंप होता. मामाच्या गाडीची टाकी साठ लिटरची. भरल्या गाडीने चढ चढायचा आणि तेवढ्याच डिझेलमध्ये परत यायचं म्हणजे शेवटच्या वीस किलोमीटरला काटा तळाला टेकायचा आणि मामाचा जीव टांगणीला लागायचा. कॅन भरून न्यावेत तर नाक्यावरचे पोलीस उतरवून ठेवायचे, कारण मागे एकाची व्हॅन कॅनसकट जळाली होती. मोठा ट्रक न्यावा तर तो वाटेतल्या लाकडी पुलावरून जात नव्हता. मामा उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडायचा, जे कुठल्याही शहाण्या ड्रायव्हरने करू नये. दोनदा गाडी वाटेत मेली. दुसऱ्या वेळी तो पाच तास रस्त्याच्या कडेला दगडावर बसून राहिला, आणि तिथेच त्याने ठरवलं की टाकी बदलायची.

गॅरेजच्या गल्लीच्या टोकाला टाकीवाल्याचं दुकान होतं. माणूस पोट सुटलेला, बोलघेवडा, पण हात सोन्यासारखा. त्याने तीन टाक्या बाहेर काढून ओळीने मांडल्या. पहिली प्लास्टिकची, नवी, ऐंशी लिटरची. दुसरी मोठ्या ट्रकची, दीडशेची, लोखंडी. तिसरी एकशेदहाची, पत्र्याची, एका अपघातातल्या गाडीची काढलेली.

"दीडशेची घेऊ का?" मामा म्हणाला.

"घ्या की. पण मग मागची चाकं काढून ठेवायला लागतील," टाकीवाला म्हणाला. "बसणार कुठे ती? आणि आत हात घालून बघा, पडदे नाहीत. चढावर सगळं डिझेल मागे पळेल आणि इंजिन वारा ओढत बसेल."

मामाने एकशेदहाच्या टाकीत कोपरापर्यंत हात घातला. आत दोन आडवे पडदे लागले. बोटांना गंज लागला नाही. त्याने टाकी उचलून कानाशी हलवली, तोंड उन्हाकडे करून आत डोकावला, वास घेतला. मुलीसाठी स्थळ बघतानासुद्धा त्याने इतकी चौकशी केली नव्हती.

"येताना गाडी रिकामीच ना?" टाकीवाल्याने विचारलं. "मग ऐंशी पुष्कळ झाली तुम्हाला."

"येताना काय आणणार? वारा?" मामा म्हणाला. "तरी एकशेदहाचीच बसव. मला आता काट्याकडे बघत गाडी चालवायची नाही."

जुनी टाकी उतरवायला अर्धा तास लागला, नवी बसवायला दोन दिवस. स्टेपनी काढून हौद्याच्या बाजूला उभी करावी लागली. टाकीवाल्याने चेसीला दोन नवे पट्टे मारले, पट्ट्यांखाली रबर घातलं. टाकी आणि मागच्या ॲक्सलमध्ये किती जागा राहते ते रिकाम्या गाडीवर मोजायचं नाही, हा त्याचा नियम. ओझं पडलं की स्प्रिंगचे पाटे दबतात आणि ॲक्सल वर येतो. म्हणून त्याने गल्लीतल्या नऊ जणांना हाका मारून हौद्यात बसवलं. वेल्डर, पंक्चरवाला, केस कापून घेता घेता उठून आलेलं एक गिऱ्हाईक, सगळे मांडीला मांडी लावून बसले आणि टाकीवाला खाली उताणा पडून ओरडला, "जरा उड्या मारा रे!" सगळ्यांनी उड्या मारल्या. चार बोटं जागा राहिली. मग त्याने दहा-दहा लिटर डिझेल ओतत प्रत्येक वेळी काट्याच्या काचेवर रंगाचा ठिपका दिला. अकरा ठिपके झाले. मामाचा जीव भांड्यात पडला.

त्या गुरुवारी तो वस्तीत पोचला तो वरातीतल्या नवरदेवासारखा. लोक सामान घ्यायला जमले तर सामान राहिलं बाजूला, याने सगळ्यांना वाकायला लावून खालची टाकी दाखवली. "आता पंप असो नसो, वाटेत थांबायची भानगड नाही," तो म्हणाला. "येताना गाडी सामानाने भरली असली तरी थेट घरी."

हे शेवटचं वाक्य त्याने का म्हटलं? उगाच. मोठेपणासाठी. बावीस वर्षांत येतानाच्या ओझ्याचा त्याने कधी विचारच केला नव्हता.

पाण्याची मोटर चालवणारा, ज्याला सगळे मोटरवाला म्हणायचे, तो सरळ झाला आणि हात चोळत म्हणाला, "मामा, मग आमचं कपाट न्याल का हो?"

"कुठे?"

"खाली. मेव्हण्याकडे. तिठ्यावरचा पंप बंद झाला तेव्हाच आम्ही ठरवलं होतं. पण सामान न्यायचं कशातून? तुम्हाला विचारलं तर तुम्ही म्हणालात, डिझेल पुरणार नाही."

तसं तो म्हणाला होता खरा. मोटरवाल्याला म्हणाला होता, आणि आणखी तिघांना. तेव्हा ते खरंच होतं, आणि मामाला सोयीचंही होतं. आता सबब उरली नव्हती. मोटरवाल्याची बायको डोळे पुसत म्हणाली, "मामा, आमच्यासाठी किती केलंत तुम्ही." मामाच्या तोंडचं पाणी पळालं. पण एवढ्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार?

शुक्रवारी कपाट, दोन गाद्या आणि शिवणयंत्र घेऊन गाडी खाली आली. पुढच्या शुक्रवारी आणखी एक घर आलं, त्याच्या पुढच्या शुक्रवारी दोन. मामाने एकदा इंजिन गरम होतंय म्हणून बघितलं, एकदा पाटा मोडलाय म्हणाला. लोक म्हणाले, काही हरकत नाही मामा, पुढच्या वेळी. त्यांना घाई नव्हती. ते फक्त जात होते. मोटरवाला गेल्यावर मोटर चालवायला कुणी उरलं नाही आणि नळ कोरडे पडले. म्हातारी माणसं झऱ्यावरून कळश्या आणायला लागली. मामाला रात्र रात्र झोप लागेना. इतकी वर्षं जी वस्ती त्याने तगवून धरली, ती तोच आता कपाटाकपाटाने उतरवून आणत होता. त्याला स्वतःचा संताप यायचा, आणि पहाटे उठून तो पुन्हा टाकी भरायचा.

तीन महिन्यांनी वर फक्त ताई उरली.

मामा त्या गुरुवारी गेला तेव्हा तिचं बोचकं बांधून झालं होतं. खाट उभी करून भिंतीला टेकवली होती. त्याने सगळं हौद्यात चढवलं, दोर आवळला. ताईने दाराला कडी घातली, कुलूप लावलं नाही. "कुणापासून जपायचं?" ती म्हणाली आणि पुढे येऊन बसली.

लाकडी पूल मागे पडला. मग मामाला राहवलं नाही.

"ताई, माझं चुकलं. ही टाकी बसवली नसती तर तुझं घर सुटलं नसतं. तुझ्यासाठीच बसवली होती गं मी."

ताईने काचेबाहेरची नजर त्याच्याकडे वळवली.

"पंप बंद झाला तेव्हा मला वाटलं, चला, सुटले," ती म्हणाली. "आता याची गाडी येणं बंद होईल आणि हा मला न्यायला येईल. तर तू धक्के खात येतच राहिलास. मग टाकीच बदलून आलास."

मामाचा पाय ॲक्सिलरेटरवरून निघाला. गाडी आपोआप हळू झाली.

"तूच म्हणाली होतीस, घर सोडणार नाही म्हणून."

"नवरा जाऊन आठवडा झाला नव्हता रे तेव्हा. त्या वेळी माणूस काय वाटेल ते बोलतं. पुढचे सगळे हिवाळे मी एकटीने काढले. दार वाजलं तरी उठून बसायचे. पण म्हटलं, तुझी फेरी आहे, तुझा जीव आहे तिच्यात. मी निघाले तर बाकीचे निघतील आणि तुझं काम जाईल. म्हणून बसून राहिले."

"मग एकदा तरी सांगायचंस, ताई."

"कधी सांगायचं? गाडीतून उतरलास की तू पहिलं विचारायचास, ताई, काय काय संपलंय? मी पीठ सांगायचे, तेल सांगायचे. तू लिहून घ्यायचास आणि जेवून झोपायचास." तिने पदराने तोंड पुसलं. "इथे राहायचंय का, असं तू एकदाही विचारलं नाहीस."