आपांनी अडवलेली आवृत्ती

‘नंतर बघू’ असं कुणी म्हणालं की नसीम आपा हातातलं काम थांबवून विचारायच्या, “नंतर म्हंजे कोणत्या तारखेला?” आणि लगेच पुढं म्हणायच्या, “तारीख न्हाई म्हंजे करायचंच न्हाई. तसं सरळ सांगा की!” लातूरच्या ज्या क्लासमध्ये मी फिजिक्स शिकवायचो, तिथली संगणकांची खोली त्या सांभाळत.

त्या औसा तालुक्यातल्या. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांची आई घराच्या मातीच्या माळवदाखाली दबून गेली. त्याबद्दल माझ्याशी एकदाच बोलल्या, तेही चिडून : “दर साली वर मातीचा थर टाकून राहिले लोक. खालच्या भिंतीकडं कुणी पाह्यलं न्हाई.”

खोलीत तीस संगणक आणि इंटरनेटसाठी टेलिफोनची लाइन एकच. मधे एक प्रॉक्सी सर्व्हर. एकानं उघडलेलं पान तो जपून ठेवायचा आणि दुसऱ्यानं मागितलं की लगेच द्यायचा. त्या सर्व्हरचं सॉफ्टवेअर जगभरची माणसं मिळून, फुकट लिहीत. आपा त्यांच्यातल्या एक. मोठी नवी आवृत्ती कधी काढायची, तीत काय घ्यायचं, काय गाळायचं, याच्या चर्चा ईमेलवर चालत आणि आपा दुपारचा डबा खाताखाता उत्तरं लिहीत. आमच्या संचालकांच्या लेखी मात्र त्या फक्त ‘नेटवाल्या बाई’.

नवी आवृत्ती येतेय एवढं संचालकांच्या कानावर गेलं. लगेच प्रवेशाच्या जाहिरातीत ‘अत्याधुनिक लॅब’ छापून आलं आणि चाचणीतली कच्ची आवृत्तीच बसवायचा हुकूम सुटला. आपा आधी नको म्हणाल्या, मग बसवली. तिसऱ्या दिवशी लोहा गावाहून शिकायला आलेल्या एका मुलीचं ईमेलचं पान पलीकडच्या मुलाच्या पडद्यावर उघडलं. तिनं बहिणीला लिहिलं होतं : मला इथं जमत नाही, घरी यावंसं वाटतं, बाबांना सांगू नको. त्यानं ते मोठ्यानं वाचलं. वर्ग हसला.

आपांनी तिथल्या तिथं जुनी आवृत्ती परत चढवली आणि सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मंडळींना ईमेल केली : एकाचं खासगी पान दुसऱ्याला जातंय, प्रकाशन थांबवा. त्यांच्यातल्या, प्रकाशनाचं नियोजन करणाऱ्या गृहस्थांचं उत्तर आलं : तारीख जाहीर झाली आहे, तुमच्याकडची मांडणीच चुकली असेल, पुढच्या आवृत्तीत बघू. तक्रार लातूरहून आली, म्हणजे चूक लातूरचीच! तो मजकूर आठवला की आजही माझं डोकं तापतं.

संचालकांची तऱ्हा वेगळी नव्हती. “एका पोरीच्या रडण्यापायी माझी जाहिरात खोटी पाडता? परत बसवा.”

“न्हाई बसवत.”

“मग उद्यापासून येऊ नका.”

आपा माझ्या घरी येऊ लागल्या. दोन जुने संगणक जोडून आठ दिवस त्यांनी तो दोष पुन्हापुन्हा घडवून पाहिला, एकेक पायरी लिहून पाठवली. मग त्या मंडळींतल्या परदेशातल्या दोघांनाही तेच दिसलं आणि प्रकाशनाची तारीख पुढं गेली. आभाराच्या ओळीत काय? ‘भारतातल्या एका वापरकर्त्यानं कळवलं.’ मी संतापलो, तर आपा मलाच म्हणाल्या, “नाव घिऊन काय करू? थांबलं का न्हाई ते बघा.”

लातूर सोडून लेकीकडं नांदेडला जायच्या आदल्या दिवशी त्या क्लासच्या फाटकाबाहेर उन्हात उभ्या राहिल्या. आत सोडत नव्हते. मी त्या मुलीला बाहेर घेऊन आलो.

“बेटा, ती आवृत्ती मी बसवली. कच्ची हाय हे ठावं असून बसवली. चूक माझी. माफ कर मला.”

मुलगी चपलेनं माती उकरू लागली. मग म्हणाली, “मॅडम, मला अजून कुणीच सॉरी म्हणलं न्हाई.”

आणि तिनं माझ्याकडं पाहिलं. त्या दिवशी वर्ग हसला तेव्हा मी दारातच उभा होतो, आणि एक शब्द बोललो नव्हतो.